कार्ब्युरेटरवरच्या अक्षता

शेख बाई. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते कुठून सुरू झालं हे शोधत मागे गेलो की मी शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबतो. देवळ्याच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. त्यांचं नाव नसीम आहे हे आम्हाला दहावीच्या निरोप समारंभात कळलं, तोवर त्या नुसत्या बाई होत्या. पांढरी सुती साडी, खांद्यावर पिन, आणि पिशवीत कायम काहीतरी खुडबुडणारं: काचेची नळी, मेणबत्तीचं बुटूक, फुगा. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी चढलो, आणि आज नाशिकजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर विमानाची इंजिनं उघडतो नि बंद करतो, ते बाईंमुळे.

या वर्षीही ऑक्टोबर आला आणि तीच जुनी धास्ती घेऊन आला.

आमची धावपट्टी द्राक्षबागांच्या मधोमध आहे. ऑक्टोबरात या बागांची छाटणी चाललेली असते. कात्र्यांचा कट्कट् आवाज सकाळपासून, मध्येच ट्रॅक्टरवरच्या फवाऱ्याची घरघर, औषधाचा आंबूस-कडवट वास. बागवाले एक डोळा काडीवर आणि एक डोळा आभाळावर ठेवून असतात. परतीचा पाऊस आला तर काय, रात्रीचं दव जास्त पडलं तर काय. कुंपणाजवळ त्यांच्यातला कोणी भेटला की विचारतो, "काय म्हणतंय तुमचं विमान?" मी म्हणतो, "उघडलंय." मी विचारतो, "तुमचं?" तो म्हणतो, "छाटलंय." दोघंही हसत नाही. एकदा छाटलं की आता फुटेल तेव्हा फुटेल, आणि एकदा उघडलं की नीट बंद होईपर्यंत झोप नाही.

पावसाळाभर आमचं दोन सीटचं विमान पत्र्याच्या शेडमध्ये उभं असतं. उडणं बंद, पण विमान रिकामं बसत नाही, त्याच्या आत काही ना काही चाललेलं असतं. टाकीच्या आतल्या भिंतीला दमट हवेतून पाणी सुटतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हे पाणी ओढून घेतं आणि तळाशी जाऊन बसतं. हवेच्या बारीक नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधून जाते. आणि कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत राहिलेलं थेंबभर पेट्रोल वाळून त्याचा पिवळा, चिकट लेप होतो. वाटी काढली की पहिला येतो तो त्याचा वास. ताज्या पेट्रोलसारखा तो उसळत नाही. आंबट आणि बसका असतो.

त्या वासाने मला माझे वडील आठवतात. ते देवळ्याला एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडीच्या कामाला होते. पुरुषभर उंचीच्या ढिगाजवळ नुसते वाकायचे, नाक एका जागी धरायचे, आणि हात आत घालून नेमका सडका कांदा बाहेर काढायचे. वरून ढीग चांगला, लालचुटूक दिसायचा. मी विचारायचो, "कसं कळतं?" ते अहिराणीत म्हणायचे, "वास येस ना." मलाही आता वास येतो. पण त्यांना वास आला की कांदा सापडायचा. मला कधी कधी काही सापडत नाही आणि वास मात्र जात नाही.

बारावी झाली तेव्हा मी त्याच खळ्यावर लागणार होतो. एका दुपारी बाई खळ्यावर आल्या. वडील गडबडले. "बाई, आठे बसशात? कांदास्ना वास येई." बाई म्हणाल्या, "येऊ दे," आणि साडीचा पदर कमरेला खोचून गोणपाटावर बसल्या. वडिलांनी विचारलं, "हाउ शिकीसन काय करी?" म्हणजे हा शिकून करणार काय. बाई म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही. पण इथे बसून काय करेल ते तुम्हाला आणि मला दोघांना माहीत आहे." मग बाई कांदे निवडायला लागल्या. बारीक गोल्टी एकीकडे, मोठा एकीकडे, सडका मागे. त्यांचा हात चुकायचा, वडील न बोलता त्यांचा कांदा उचलून दुसऱ्या ढिगात टाकायचे. ऊन कलेपर्यंत हे चाललं. वडिलांनी शेवटी हात झटकले आणि ढिगाकडे बघत म्हणाले, "बाई सांगी ऱ्हायन्यात तं जाऊ दे." बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्यामुळे, असं त्या अजून सांगतात.

नाशिकला पॉलिटेक्निक, मग पदवी, मग अंबडच्या एका कारखान्यात पंपांची जोडणी, आणि तिथून इथे. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी मला वाटलं, की आता कोणीतरी येऊन विचारेल, तुला इथे कोणी सोडलं. अजून वाटतं.

एक तास मात्र मला कधी विसरता आला नाही. आठवीत असेन. बाईंनी वहीच्या कागदाची लांब पट्टी फाडली, एक टोक ओठांखाली धरलं आणि पट्टीच्या वरून फुंकर मारली. खाली लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. सगळा वर्ग ओरडला, "बाई, खालून फुंकली!" बाईंनी पुन्हा करून दाखवलं. वरूनच. मग म्हणाल्या, "मी विमानात कधी बसले नाही. बसेन असंही नाही. पण ते का उडतं त्याची ही एक खूण तुम्हाला दाखवून ठेवते. हवा जोरात धावली की तिथला दाब कमी होतो." त्या दिवशी शाळा सुटल्यावर निम्मा देवळा कागदाच्या पट्ट्या फुंकत घरी गेला असेल.

अनेक वर्षांनी कार्ब्युरेटर पहिल्यांदा हातात घेतला आणि मला ती पट्टी दिसली. पितळी-रुपेरी रंगाची मुठीएवढी वस्तू. मधे एक गळा, जिथे वाट अरुंद होते. इंजिन हवा ओढतं, ती हवा त्या गळ्यातून जोरात धावते, दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल केसाएवढ्या भोकातून आपोआप वर चढतं. पंख वर उचलले जातात ते आणि पेट्रोल वर चढतं ते, दोन्हींत बाईंची फुंकर आहे. आमच्या इंजिनाला असे दोन कार्ब्युरेटर आहेत, डावा दोन सिलिंडरांना आणि उजवा उरलेल्या दोनांना.

त्यांची सफाई ही माझ्या दृष्टीने घाबरण्याची एक शिस्त आहे. खाली पांढरं कापड अंथरायचं, म्हणजे पडलेला वायसर दिसतो. वाटी काढायची. आतले फ्लोट, बोटाच्या पेराएवढे काळे तरंगते तुकडे, वजनकाट्यावर ठेवून बघायचे. फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाले की बुडतात, वाटीत पेट्रोल वाढतं, इंजिनाला ते जास्त होतं आणि ते गुदमरतं. बारीक भोकाचे जेट उजेडासमोर धरायचे. त्यातून दिसणारा उजेडाचा ठिपका गोल हवा. सुई घालून कोरायचं नाही, भोक मोठं होतं. द्रावणात भिजवायचं, हवा मारायची, पुन्हा उजेडासमोर धरायचं. मी पुन्हा पुन्हा धरतो. माझे गुरू पगारे काका म्हणायचे, "अरे, किती बघशील? नजरेनं झिजेल तो जेट."

सफाईनंतर ट्यूनिंग. दोन्ही कार्ब्युरेटरांना रबरी नळ्या जोडून दाब मोजणारी दोन गेज लावायची आणि इंजिन चालू करायचं. दोन्ही काटे बरोबरीनं उभे राहायला हवेत. एक जरी मागे राहिला तरी इंजिन थरथरतं. जमिनीवर ते नुसतं जाणवतं, वर गेल्यावर त्याचा अर्थ वेगळा होतो. काका गेजकडे बघायच्या आधी शेडच्या खांबाला हात लावून उभे राहायचे. म्हणायचे, "एक कार्बोरेटर ओढतंय, दुसरं नुसतं सोबत चालतंय. लग्नातल्या फोटोत उभं राहिल्यासारखं." मी स्क्रू पाव फेरा फिरवायचो, काटा हलायचा, आवाजातली खरखर विरघळायची. दोन आवाज एक झाले की माझा श्वास मोकळा होतो. फार वेळ राहत नाही तसा, पण होतो.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर याच सगळ्यातून गेला, फक्त दोन गोष्टी वेगळ्या होत्या. काका निवृत्त झाल्यामुळे विमान उडायला योग्य आहे या कागदावर पहिल्यांदा माझी सही लागणार होती. आणि बाई विमानात बसायला येणार होत्या.

बाईंचा मुलगा हैदराबादला असतो. दिवाळीनंतर तो त्यांना कायमचं तिकडे नेणार होता. त्यांचे गुडघे दुखतात, एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. आमचे वैमानिक कॅप्टन कर्णिक, मोठी विमानं चालवून थकलेले आणि लहान विमानात रमलेले गृहस्थ, त्यांना मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "अहिरे, तुझ्या बाईंना दसऱ्याला सकाळी घेऊन ये. आधी मी एकटा चाचणीचं उड्डाण करून येतो, मग त्यांना नेतो. सीमोल्लंघन होऊन जाऊ दे." बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, "सीमोल्लंघन म्हणजे एसटीने नाशिक. त्याच्या वर काही मिळालं तर बघू."

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. काकांच्या वेळेपासून चालत आलेली. सगळे पाने, पकडी, गेज पुसून एका मोठ्या ताटात मांडायचे, इंजिनासमोर रांगोळी, झेंडूची माळ. पगारे काकू त्यासाठी दरवर्षी मुद्दाम येतात, नऊवारी नेसून, हातात पूजेचं तबक. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. म्हणून मी त्याआधी ट्यूनिंग उरकलं होतं. फक्त हवेचे फिल्टर धुऊन, तेल लावून वाळत घातले होते. ते हाताने बसतात, पाना लागत नाही. दोन्ही कार्ब्युरेटरांची उघडी तोंडं मी स्वच्छ फडक्याने झाकली आणि रबराने आवळली. संध्याकाळी पूजा झाली, पेढा मिळाला, आणि मी घरी गेलो. बरं वाटत होतं. त्या वेळीच मला शंका यायला हवी होती, कारण मला इतकं बरं सहसा वाटत नाही.

दसऱ्याच्या सकाळी फिल्टर बसवायला फडकं सोडलं, तर खाली कार्ब्युरेटरच्या धातूवर हळदीकुंकवाची बोटं होती. डाव्यावर आणि उजव्यावरही. फडकं परत नीट झाकलेलं, रबरही जागच्या जागी. आणि खाली ट्रेमध्ये कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे.

काका-काकू बाईंना भेटायला सकाळीच आले होते. मी काकूंना विचारलं, "काकू, हे फडकं कोणी काढलं होतं?"

"मीच. का रे?"

"आत अक्षता गेल्या असतील."

"आता फडक्याला कुंकू लावतात का कुठं?" काकू म्हणाल्या. "ज्याची पूजा त्याच्या अंगाला बोट लागायला हवं की नाही? परत झाकलं मी. तू झाकलं होतं त्याच्यापेक्षा बरं झाकलं."

काका बाजूला चहा पीत होते. "असेल एखादा दाणा, तर जळून जाईल रे. पेट्रोल जाळतंय ते, तांदूळ काय मोठा!"

कॅप्टन साहेब हातमोजे चढवत आले आणि त्यांना सगळं समजल्यावर म्हणाले, "म्हणजे चार सिलिंडरात पुलाव. अहिरे, वर वास आला तर सांगतो तुला."

सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं. टॉर्च घेऊन दोन्ही गळ्यांत बघितलं. समोर दिसत होतं तेवढं स्वच्छ होतं. पण त्यामागे थ्रॉटलची पाकळी असते, गोल झडप, आणि तिच्या पाठीमागचं टॉर्चने दिसत नाही. मी म्हणालो, "साहेब, पाकळीच्या मागे दाणा अडकला तर थ्रॉटल पूर्ण मिटणार नाही. उतरायच्या वेळेला इंजिन खाली येणार नाही."

"शक्यता किती?"

"थोडी."

"किती थोडी?"

त्या वेळी देवळ्याहून निघालेली एसटी वडाळीभोईच्या आसपास असेल, आणि खिडकीशी बाई बसल्या असतील. मी म्हणालो, "मी सही करणार नाही." इतकं हळू म्हणालो की साहेब म्हणाले, "काय?" मग ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं.

कार्ब्युरेटर काढायचा म्हणजे क्लॅम्प सोडायचा, केबल सोडायची. म्हणजे केलेलं ट्यूनिंग गेलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि त्यासाठी पाना लागणार, आणि पाना तर ताटात, झेंडूखाली. काका एकदम गंभीर झाले. "दुपारपर्यंत हत्यार उचलायचं नाही, सुनील. माझ्या बापापासून पाळत आलोय."

"दुपारी वारा उठतो," कॅप्टन साहेब म्हणाले. "दुपारी मी कोणाच्या बाईंना नेणार नाही."

बागेतल्या कात्र्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मला दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या आणि दोन्हींच्या मध्ये बाईंची एसटी पुढे पुढे येत होती.

काकू उठल्या. त्यांनी ताटावर हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ताट दोन्ही हातांनी धरून थोडं उत्तरेला सरकवलं. "झाली उत्तरपूजा. उचल तुझा पाना."

"अगं, पण वेळ—" काका म्हणाले.

"पोराचा जीव टांगणीला लागलाय, वेळ काय बघता? आणि सुनील, या खेपेला अक्षता नीट हत्यारांवरच टाकल्यात. हव्या तर वेचून बघ."

मी डावा सोडला. हात ओले होत होते, ते परत परत पुसत होतो. पाकळीच्या मागे बोट फिरवलं, आरशाचा तुकडा धरून बघितलं, खाली पांढऱ्या कापडावर धरून हवा मारली. काही नाही. उजवा सोडला. काही नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या तपासल्या. काही नाही. पुन्हा डावा. तांदळाचा एक दाणा, अर्धा दाणा, कुंकवाचा कणही नाही. कापड पांढरं ते पांढरं.

एवढा काळ मी देवाकडे मागत होतो की काही नसू दे. आणि काही नाही म्हटल्यावर मला कसंतरीच झालं. दाणा सापडला असता तर तो तळहातावर घेऊन साहेबांना दाखवता आला असता. काही नाही हे कुणाला कसं दाखवायचं?

बाई आल्या तेव्हा मी गेज जोडत होतो. रिक्षातून उतरून त्या काकूंचा हात धरून शेडमध्ये आल्या. तीच पांढरी साडी, पिशवीत रव्याच्या लाडवांचा डबा. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडलो आणि म्हणालो, "बाई, थोडा वेळ लागेल." "लागू दे," त्या म्हणाल्या. खळ्यावर म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. मग खुर्चीवर बसून त्यांनी आणि काकूंनी गुडघ्यांवर अशा गप्पा सुरू केल्या, की जणू त्या त्यासाठीच आल्या होत्या.

घाईत ट्यूनिंग होत नाही. काटे जवळ येत होते आणि पुन्हा फाकत होते. काकांनी खांबाला हात लावला, डोळे मिटले. "अजून उजवं मागे आहे... अजून... हां, सोड आता." काटे जुळले. मी फिल्टर बसवले आणि सही केली. अक्षर माझं वाटत नव्हतं. कॅप्टन साहेब एकटे वर गेले.

मी तेव्हा फक्त ऐकत होतो. माणूस कानाने किती दूर जाऊ शकतो हे त्या वेळी मला कळलं. विमान वळलं की आवाज पातळ व्हायचा आणि मी त्याच्यामागे जायचो. आवाज परत भरायचा आणि मी जमिनीवर यायचो. बाई चांगल्या कानाची बाजू आभाळाकडे करून बसल्या होत्या.

साहेब उतरले, थ्रॉटल मिटला, इंजिन अगदी खाली आलं आणि शांत गुणगुणत राहिलं. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "दोन्ही बाजू एकसारख्या. पण अहिरे, खाली ऊन तापलंय. वर धक्के बसायला लागलेत. बाई, माफ करा, आज तुम्हाला नेणार नाही. उगाच मान लचकेल."

बाईंना परतीची एसटी गाठायची होती. त्यांना आम्ही उभ्या विमानात बसवलं. त्यांनी दांडी धरून बघितली, काच पुसली, बाहेर पंखाकडे नजर टाकली. मग उतरून मला म्हणाल्या, "तुझा तो कार्ब्युरेटर दाखव." मी एक फिल्टर हाताने काढून गळा दाखवला, जेटची जागा दाखवली. त्यांनी वाकून बघितलं आणि हसल्या. "पट्टीच आहे की रे ही."

एसटी स्टँडवर मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, आत काहीच नव्हतं. मी उघडलं नसतं तर सकाळच्या गार हवेत तुम्ही जाऊन आला असता."

बाईंनी कान पुढे केला. मला ते सगळं वाक्य पुन्हा, मोठ्याने, दहा माणसांत म्हणावं लागलं.

"मग वहीत काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"कसल्या वहीत?"

"प्रयोगाच्या. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. निरीक्षणात काही आढळलं नाही, तर काय लिहायचं असतं? रिकामी जागा सोडायची का?"

"नाही बाई. 'काही आढळले नाही' असं लिहायचं."

"मग तेवढं लिही आणि झोप. चेहरा बघ कसा झालाय." एसटी आली. त्यांना वर चढवताना त्यांचं वजन माझ्या हातावर आलं. फार कमी होतं.

मी वर्षभर त्या वाक्याजवळ जातो आणि परत येतो. कधी ते पटतं. कधी वाटतं, बाई मला बरं वाटावं म्हणून बोलल्या, आणि मी माझ्या भित्रेपणापायी एका म्हाताऱ्या बाईचं आभाळ हिरावलं. मग स्वतःलाच विचारतो, पुन्हा तसंच झालं तर? पुन्हा हात पान्याकडे जाईल. त्यात शंका नाही. वडील ढिगात हात घालत, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना सडका कांदा सापडतच असेल असं नाही. त्यांनी मला फक्त सापडलेले दाखवले. ते गेले, वेळीच विचारायला हवं होतं, असं वाटत राहतं.

या वर्षी पेट्रोल काढून टाकी वाळवली. कुंभारीण माशीचं घर सापडलं, मोडलं. फ्लोट नवे घातले. काटे जुळले, मग रात्री पुन्हा शंका आली आणि सकाळी पुन्हा बघितले, ते जुळलेलेच होते. काकूंना मी म्हणालो, या वर्षी फिल्टर बसवल्यावरच पूजा. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुंकू फिल्टरला?" मी म्हणालो, "फिल्टरच्या बाजूच्या पट्टीला." त्यांनी जरा विचार करून होकार दिला. काकांनी कपाळावर हात मारला.

फोनवर बाईंना आता अजिबात ऐकू येत नाही. दिवाळीत त्या आठवडाभर देवळ्याला येणार असल्याचं त्यांच्या मुलाकडून कळलं. म्हणून मी पत्र लिहिलं आणि घटस्थापनेच्या सकाळी पेटीत टाकलं.

*

ती. शेख बाई यांस,
सुनीलचा सा. न.

आपली तब्येत बरी असेल. गुडघ्यांना तेल लावत असाल अशी आशा.

दिवाळीत आपण देवळ्याला येणार असं समजलं. विमान तयार होत आहे. या वेळी आपण आदल्या दिवशीच नाशिकला या. पगारे काकूंनी आपल्यासाठी खालची खोली आवरून ठेवली आहे, जिना चढावा लागणार नाही. सकाळी सूर्य वर यायच्या सुमारास हवा अगदी शांत असते. कॅप्टन साहेबांनी शब्द दिला आहे आणि मी तो त्यांच्याकडून दोनदा घेतला आहे.

मी कार्ब्युरेटर उघडून पाहिले. दोन्हींत काही आढळले नाही. आपण येण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा उघडणार आहे. त्याबद्दल रागावू नका.

सकाळी मला काही शंका आली तर मी याही वेळी सही करणार नाही, हे आधीच कळवतो. तसं झालं तर आपण आणखी एक दिवस राहायचं. काकू म्हणतात, दोन दिवस राहिलात तरी चालेल.

येताना वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून आणा, आठवीला फाडली होती तेवढी लांब. विमानाला आपल्या बाजूला छोटी खिडकी आहे, ती थोडी उघडता येते. वर गेल्यावर पट्टी त्या फटीशी धरा. फुंकायची गरज पडणार नाही. पट्टी सुटून जाऊ नये म्हणून मी तिचं एक टोक आपल्या मनगटाला दोऱ्याने बांधून देईन, आणि गाठ स्वतः तपासेन.

निरीक्षण उतरल्यावर सांगा. तोवर मी खाली उभा असेन, आवाज ऐकत.

आपला विद्यार्थी,
सुनील अहिरे